ढिल्या वादीची विद्या

अमेरिकेच्या केंटकी संस्थानात लेक्सिंग्टन नावाचे शहर आहे आणि त्याच्या वेशीवर, हिरव्या कुरणांच्या मध्यभागी, कीनलँड हे शर्यतीचे प्रसिद्ध मैदान आहे. दरवर्षी सप्टेंबर महिन्यात तेथे थरोब्रेड जातीच्या, म्हणजे खास शर्यतीसाठी पैदास केलेल्या घोड्यांच्या शिंगरांचा लिलाव भरतो. सुमारे दोन आठवडे चालणाऱ्या या लिलावाच्या यादीत चार हजारांच्या आसपास जनावरे नोंदलेली असतात, आणि त्यांतील एकेकाच्या वाट्याला रिंगणातील दोन-तीन मिनिटांहून अधिक अवधी सहसा येत नाही. तेवढ्या अवधीत एखाद्या कुटुंबाच्या सात पिढ्यांना पुरेल एवढी रक्कम या हातातून त्या हातात जाते. जमलेल्यांची नजर कधी लिलाव पुकारणाऱ्याच्या हातोडीवर असते, कधी बोली लावणाऱ्या धनिकांवर, आणि बाकी सर्व काळ त्या तुकतुकीत कांतीच्या जनावरावर. जनावराच्या डाव्या खांद्याशी कातडी वादी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि कोणी पाहू नये अशीच त्या माणसाची खटपट असते. आपल्या जुन्या लष्करी भाषेत ज्याला मोतद्दार म्हणत, त्या माणसाच्या हुन्नराविषयी हे प्रकरण आहे.

हा हुन्नर इतका मोलाचा का, हे कळण्यासाठी या बाजारात विकले काय जाते ते आधी पाहिले पाहिजे. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या पूर्वार्धात पूर्वेकडून इंग्लंडात नेलेले बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन हे तीन नर या जातीचे मूळ पुरुष मानले जातात, आणि तेव्हापासूनची वंशावळ दप्तरात लिहिलेली असते. लिलावाला आलेले शिंगरू सोळा ते वीस महिन्यांचे असते. त्याच्या पाठीवर अद्याप खोगीर चढलेले नसते, ते कधी कोणाबरोबर धावलेले नसते. म्हणजे ज्या एका गुणासाठी खरेदीदार लाखो डॉलर मोजणार, तो गुण त्या जनावराने अजून दाखवलेलाच नाही. खरेदीदाराच्या हाती प्रमाण म्हणून तीनच गोष्टी उरतात : कागदावरचे कुळ, अंगाची ठेवण, आणि चाल. कुळ छापील आहे आणि ठेवण देवाने दिली आहे. चाल तेवढी त्या क्षणी, त्या जागी, डोळ्यांसमोर घडते. आणि ती घडताना जनावर एका माणसाच्या हाती असते.

या प्रमाणांच्या भरवशाची मर्यादा दाखवणारे एक उदाहरण शर्यतीच्या जगात सर्वतोमुखी आहे. 1975 साली केंटकीतील एका लिलावात सिॲटल स्ल्यू नावाचा घोडा साडेसतरा हजार डॉलरांना गेला आणि त्याने 1977 साली अमेरिकेतील तीन सर्वश्रेष्ठ शर्यती एकाच मोसमात, तोवर एकदाही पराभूत न होता, जिंकल्या. त्याच्याच आईचे दुसरे शिंगरू, सिॲटल डान्सर, 1985 साली कीनलँडच्या रिंगणात आले तेव्हा बोली एक कोटी एकतीस लाख डॉलरांवर जाऊन थांबली. युरोपात नेलेल्या त्या घोड्याच्या नावावर पुढे अवघे दोन विजय लागले. अशा बाजारात, जेथे जाणत्यांचे ज्ञानही इतके पांगळे ठरते, तेथे त्या एका फेरीत जनावराने टाकलेली दहा-वीस पावले किती तोलून पाहिली जात असतील याची कल्पना वाचकाने करावी.

मोतद्दाराचे काम लिलावाच्या दिवशी सुरू होत नाही. दोन-तीन महिने आधी शिंगराला कुरणातून तबेल्यात आणतात आणि तेव्हापासून त्याची बडदास्त एका ठरलेल्या हातात जाते. उन्हाने केसांचा रंग विटू नये म्हणून दिवसा ते आत राहते आणि रात्री मोकळ्यावर सुटते. रोज त्याला हाताने धरून लांब फिरवतात. खरारा आणि कुंचल्याने अंग घासघासून कांतीला तजेला आणतात. नालबंद नियमाने येऊन खूर साळतो. हे सर्व बाहेरून दिसणारे आहे. या काळात मोतद्दार जे खरे शिकवतो ते बाहेरून दिसत नाही : परक्या माणसाने पाय उचलला तर तो उचलू द्यावा, ओठ वर करून दात पाहिले तर मान झटकू नये, घशात दुर्बीण घालून स्वरयंत्र तपासणारा वैद्य आला तरी जागेवर उभे राहावे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याच्या उपजत बुद्धीचा हुकूम असा, की शंका आली की आधी पळावे आणि मग विचार करावा. तो हुकूम बाजूला ठेवून माणसाच्या शब्दाखातर स्तब्ध राहायला शिकणे म्हणजे त्या जनावराने एका माणसावर टाकलेला विश्वासच होय. असा विश्वास धाकाने येत नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफोनने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोडा विकत घेताना फसगत कशी टाळावी आणि पाहणी खुरांपासून का सुरू करावी, येथून आरंभ करून त्याने पुढे निक्षून बजावले आहे की रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये. तो उपदेश अद्याप जुना झालेला नाही.

आता प्रत्यक्ष दाखवण्याचे कसब पाहू. लिलावाच्या आधी दोन-तीन दिवस खरेदीदार, त्यांचे दलाल आणि पशुवैद्य तबेल्यांतून हिंडत असतात, आणि मनात भरलेले जनावर बाहेर काढून दाखवायला सांगतात. उत्तम कुळीचे शिंगरू दिवसात कित्येक वेळा, कधी कधी शंभरावर वेळा, असे बाहेर येते. मोतद्दार आधी त्याला उभे करतो. हे उभे करणेही एक शास्त्र आहे : पाहणाऱ्याच्या बाजूचा पुढचा पाय किंचित पुढे आणि त्याच बाजूचा मागचा पाय किंचित मागे, म्हणजे चारही पाय एकाच वेळी दृष्टीस पडतात, जमीन उंचसखल असेल तर पुढचे पाय चढाच्या बाजूला, म्हणजे खांदा भारदस्त दिसतो. खुराची जागा चुकली तर मोतद्दार पायाला हात लावत नाही आणि ओढतही नाही. वादी धरलेल्या हाताचा भार तो बोटभर इकडचा तिकडे करतो, आणि जनावर आपल्या अंगाचा तोल सांभाळताना नेमका तोच पाय उचलून नेमक्या जागी ठेवते. बघणाऱ्याला वाटावे की शिंगराला उपजतच उभे राहण्याची रीत ठाऊक आहे.

मग चालणे. मोतद्दार शिंगराला खरेदीदारापासून सरळ दूर नेतो, वळवतो आणि सरळ त्याच्याकडे आणतो. सरळ रेषेचा आग्रह एवढ्यासाठी, की पुढचा खूर आत वळतो की बाहेर फेकला जातो हे समोरून आणि मागूनच कळते, आणि रेषा वाकडी झाली तर निर्दोष पायही सदोष दिसतो. बाजूने पाहणारा जाणकार आणखी एक गोष्ट टिपतो : मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो, की तो ठसा ओलांडून पुढे पडतो. ठसा जितका ओलांडावा तितकी चाल ऐसपैस. पण घोडा पाऊल लांब टाकतो तेव्हा त्याची मान प्रत्येक पावलागणिक खालीवर होते, आणि ती झुलायला मोकळीक लागते. वादी आखडून धरली की मान आखडली, मान आखडली की खांदा आखडला, आणि पाऊल तोकडे झाले. मोतद्दार घाईने पुढे जाऊन ओढू लागला तर शिंगरू डोके वर करते आणि त्याची पाठ खचते; तो मागे रेंगाळला तर शिंगरू त्याच्याभोवती अर्धवर्तुळ घेऊ लागते. म्हणून त्याची जागा ठरलेली : खांद्याच्या बरोबरीने, वादी ढिली, नजर समोर. मागे वळून जनावराकडे पाहायचे नाही, कारण माणूस वळून पाहू लागला की घोडा थबकतो. जे डोळ्यांनी पाहायचे नाही ते सारे हातातल्या वादीतून जाणायचे असते. पतंग उडवणाऱ्याच्या बोटाला मांज्यातून वाऱ्याची खबर लागते, तशी मोतद्दाराच्या तळव्याला शिंगराच्या मनातील पुढची हालचाल लागते. वळणही नेहमी उजवीकडे, म्हणजे आपल्यापासून दूर, घ्यायचे. त्यामुळे आपला पाय टापेखाली येत नाही आणि जनावर मागच्या पायांवर तोल ठेवून डौलाने वळते.

या विद्येचा गाभा मला संकेत वाचण्यात दिसतो. मागच्या पायांवर उभे होण्यापूर्वी घोडा आपला भार मागे घेतो, त्याची मान ताठते, एक श्वास अडतो. उधळण्यापूर्वी एक कान मागच्या आवाजाकडे वळून तेथेच खिळतो. लाथ घालण्यापूर्वी शेपूट आवळली जाते. ही चिन्हे आणि कृती यांच्यात क्षणभराचेच अंतर असते. नवखा मोतद्दार कृती घडल्यावर वादी ओढतो, आणि चारशे किलोंच्या आसपास वजन असलेल्या त्या भेदरलेल्या जिवाशी अंगबळाने झुंजू पाहतो. त्या झुंजीत माणसाची हार ठरलेलीच. वाकबगार मोतद्दार चिन्ह दिसताच काहीतरी अगदी क्षुल्लक करतो : एक पाऊल पुढे टाकतो, मानेच्या मुळाशी बोटांनी खाजवतो, स्वतःचा अडलेला श्वास सोडतो. जनावर पुन्हा सैल होते, आणि संकट येऊन गेले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

स्वतःचा श्वास सोडतो, हे मी शोभेसाठी लिहिलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणिताची उत्तरे देतो म्हणून मोठा गाजावाजा झाला होता. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट याने चिकाटीने परीक्षा घेऊन 1907 साली रहस्य उघड केले : उत्तराची संख्या जवळ येई तसा प्रश्न विचारणारा माणूस नकळत ताणला जाई आणि ती पुरी होताच त्याचे मस्तक केसभर हले, आणि तेवढी हालचाल टिपून घोडा टाप थांबवी, विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तेव्हा हान्सही गोंधळून जाई. लोकांनी हा घोड्याचा पराभव मानला. मला मात्र ती अश्वजातीची केवढी मोठी थोरवी वाटते, कारण खोलीभर शहाण्यांना जे दिसले नाही ते त्या घोड्याला दिसत होते. स्वीडनमधील संशोधकांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच वाटेने जातो. माणसांना घोडा धरून एका ठरलेल्या वाटेने चालायला सांगितले, आणि शेवटच्या फेरीआधी सांगितले की आता घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण त्या फेरीत माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याने धरलेल्या घोड्याचेही वाढले. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेल्या आणि 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की घोडे परस्परांना ज्या जागी चावून-खाजवून माया करतात त्या मानेच्या मुळाशी माणसाने खाजवले तरी घोड्याच्या हृदयाची गती मंदावते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मोतद्दारांचा हात त्या जागी जात आला होता. शास्त्राने मागाहून त्याला दाखला दिला.

या सर्व कसोट्यांचा कळस रिंगणात होतो. अमेरिकेतील रिवाज असा, की ज्याने दोन-तीन महिने जनावर सांभाळले त्याच्या हातून ते रिंगणाच्या दाराशी काढून लिलाव संस्थेच्या चाकरीतील रिंगण-मोतद्दाराच्या हाती देतात. दिवसात शेकडो अनोळखी शिंगरे या माणसाच्या हाती येतात आणि प्रत्येकाची ओळख करून घ्यायला त्याला काही पावलांचा अवधी मिळतो. आत प्रखर दिवे, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेल्या शेकडो चेहऱ्यांची भिंत, ध्वनिक्षेपकातून अखंड वाहणारी बोलीची लय, आणि बोली टिपणाऱ्या नोकरांच्या मध्येच उठणाऱ्या आरोळ्या. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते, पण कपाळाच्या अगदी समोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. म्हणून जाणता माणूस समोरून हात पुढे करीत नाही, खांद्याकडून येतो, आणि वादी घेण्याआधी आपल्या अंगाचा गंध व आवाज त्या जनावरापर्यंत पोहोचू देतो. एखाद्या शिंगराला उभे राहण्यात आधार वाटतो, एखाद्याला हलते राहण्यात. कोणते कोणत्या जातीचे, हा निवाडा दारातून आत येता येता करावा लागतो, आणि तो चुकला तर सर्वांसमक्ष चुकतो. इंग्लंडात न्यूमार्केट येथे, 1766 साली रिचर्ड टॅटरसॉलने स्थापन केलेल्या पेढीच्या लिलावात, रीत निराळी आहे. तेथे ज्याने सांभाळले तोच माणूस वर्तुळातून फेऱ्या घालीत राहतो. तेथील बोली अद्याप गिनीच्या हिशेबाने चालते, म्हणजे पौंडावर आणखी एक शिलिंग, आणि ते वरचे शिलिंग लिलावकर्त्याची दस्तुरी म्हणून चालत आले. मला न्यूमार्केटची रीत अधिक सहृदय वाटते. ओळखीचा हात निर्वाणीच्या वेळी काढून घेऊ नये.

येथे कोणी विचारील, की एवढे कसब लावून दाखवणे म्हणजे झाकणेच नव्हे काय? जुन्या काळच्या घोडेबाजारात लबाडीला सुमार नव्हता हे खरे आहे. परंतु आजच्या लिलावात पायांच्या सांध्यांची क्ष-किरण छायाचित्रे खरेदीदारांच्या वैद्यांना पाहण्यासाठी ठेवलेली असतात, आणि लाकूड चावून हवा ओढण्यासारखी खोड असेल तर ती जाहीर करणे विक्रेत्यावर बंधनकारक असते. मोतद्दार वाकडा पाय सरळ करू शकत नाही. सरळ पाय भीतीपायी वाकडा पडू न देणे तेवढे त्याच्या हाती आहे, आणि माझ्या मते यात लबाडी तर नाहीच, उलट खरेदीदाराला खरे ते दिसण्याची हीच एक वाट आहे. बावरलेल्या घोड्याची चाल ही त्याची चालच नव्हे.

केंटकीत हे काम कोणी केले याचा इतिहास सुखाचा नाही. गुलामगिरीच्या काळात तेथील तबेले कृष्णवर्णीयांच्या कष्टांवर उभे होते, आणि गुलामी संपल्यावरही ती विद्या त्यांच्याच हाती राहिली. 1875 साली पहिली केंटकी डर्बी धावली तेव्हा पंधरांपैकी तेरा स्वार कृष्णवर्णीय होते. जिंकलेल्या घोड्याचा स्वार ऑलिव्हर लुइस कृष्णवर्णीय, आणि त्या घोड्याचा शिक्षक अँसेल विल्यमसन जन्माने गुलाम होता. पुढे वंशद्वेषाने कृष्णवर्णीयांना खोगिरावरून खाली ओढले, पण तबेल्यात मोतद्दार म्हणून ते राहिले, कारण तेथे मान नव्हता आणि म्हणून स्पर्धाही नव्हती. त्यांपैकी एकाचे नाव मात्र साऱ्या देशाला ठाऊक झाले. 1918 साली साराटोगाच्या लिलावात पाच हजार डॉलरांना विकला गेलेला आणि पुढे एकवीस शर्यतींपैकी वीस जिंकणारा मॅन ओ वॉर हा घोडा निवृत्तीनंतर केंटकीत राहत होता, आणि त्याची देखभाल करणारा विल हार्बट हा कृष्णवर्णीय मोतद्दार दर्शनाला येणाऱ्या हजारो लोकांना त्याचे चरित्र आपल्या रसाळ वाणीने ऐकवीत असे. 1947 च्या ऑक्टोबरात हार्बट वारला. महिना उलटण्याच्या आत, 1 नोव्हेंबरला, घोडाही गेला. आज कीनलँडच्या तबेल्यांत वाद्या धरणारे हात पुष्कळ प्रमाणात मेक्सिको, ग्वाटेमाला अशा देशांतून आलेल्या मजुरांचे आहेत.

आपल्याकडेही हा वर्ग जुनाच आहे. अज्ञातवासात नकुलाने विराटाच्या पदरी ग्रंथिक या नावाने अश्वपालाची चाकरी पत्करली, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र अध्याय आहे. मराठ्यांच्या पागेत बारगिराला सरकारी घोडा मिळे, पण तो घोडा मोहिमेच्या दिवशी तयार ठेवण्याचे काम मोतद्दाराचे. बखरींत बारगीर आणि शिलेदार यांची नावे सापडतात, मोतद्दाराचे शोधावे लागते. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत आजही घोडा दाखवण्याची कला पाहायला मिळते, पण तिचा बाज वेगळा : तेथे भोवरे तपासतात, स्वार रेवाल चाल काढून दाखवतो, आणि कौतुकाची आरोळी उठली की भाव चढतो. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर शर्यतीच्या तरुण घोड्यांचे जे लिलाव होत आले, त्यांची रीत मात्र न्यूमार्केटच्या घरातली.

लिलावाच्या छापील यादीत बापाचे नाव असते, आईचे असते, आजीपणजीच्या विजयांची नोंद असते, पैदास करणाऱ्याचे आणि विक्रेत्याचेही नाव असते. मोतद्दारासाठी एक ओळ नसते. ती असावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यास कागदाखेरीज काही खर्च नाही. तोवर वाचकाने एवढे करावे : महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या मैदानावर शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात तेव्हा कठड्याशी उभे राहून एक फेरी घोड्याऐवजी मोतद्दाराची पाहावी, त्याच्या हातातली वादी किती ढिली आहे ते पाहावे, आणि त्याचे नाव विचारावे.